एवढासा कृमी, पण त्याचे घराणे कोणते?



फ्रान्सच्या वायव्य टोकाला ब्रिटनी नावाचा प्रांत आहे. त्याच्या उत्तर किनाऱ्यावर रोस्कॉफ हे एक लहानसे बंदर आहे. मोठ्या भरतीच्या दिवसांत मुंबईच्या किनाऱ्यावर पाणी चार-पाच मीटर चढते. रोस्कॉफला ते आठ-नऊ मीटर चढते आणि तितकेच उतरते. ओहोटी लागली, की तेथे विस्तीर्ण वाळू उघडी पडते. थोड्याच वेळात त्या ओल्या वाळूवर ठिकठिकाणी गडद हिरवे डाग दिसू लागतात. कोणीही म्हणेल, हे शेवाळ आहे. पण जवळ जाऊन वाळूवर जोराने पाय आपटा. डाग तुमच्या डोळ्यांदेखत फिका होत जातो आणि नाहीसा होतो!

शेवाळ कधी पळून जाते का? नाही. तो डाग म्हणजे हजारो लहान प्राण्यांचा जमाव असतो. प्रत्येक प्राणी जेमतेम तीन-चार मिलिमीटर लांब, पानासारखा चपटा आणि हिरवागार असतो. जमीन हादरली, की सारे वाळूच्या कणांमधून खाली उतरतात. या प्राण्याचे शास्त्रीय नाव सिम्सॅजिटिफेरा रोस्कॉफेन्सिस असे आहे. नाव लांबलचक आणि प्राणी एवढासा! आपण त्याला सोयीसाठी ‘रोस्कॉफचा कृमी’ म्हणू.

आता तुम्ही विचाराल, पदार्थविज्ञानाच्या माणसाला कृमींशी काय कर्तव्य? त्याचे कारण एक तक्ता आहे. आमच्या महाविद्यालयात पदार्थविज्ञान आणि प्राणिशास्त्र यांच्या प्रयोगशाळा समोरासमोर आहेत. प्राणिशास्त्राच्या भिंतीवर ‘प्राण्यांचे वर्गीकरण’ असा एक जुना, हाताने रंगवलेला तक्ता आहे. त्यात चपट्या कृमींच्या चौकटीतले पहिलेच नाव, ‘एसीला’, कोणीतरी पेन्सिलीने खोडले आहे आणि शेजारी प्रश्नचिन्ह काढले आहे. मी आमच्या प्राणिशास्त्राच्या सरांना त्याचा अर्थ विचारला. ते म्हणाले, “खोडले ते बरोबरच आहे. पण खोडलेले नाव कोठे लिहायचे, यावर जगभर वाद चालू आहे.” मग त्यांनी मला त्या वादाची हकिकत सांगितली. ती ऐकताना माझ्या ध्यानात आले, की हा वाद मुळात मोजमापातल्या चुकांचा आहे. आणि मोजमापातल्या चुका हा तर आमचा रोजचाच विषय!

साधे शरीर

रोस्कॉफचा कृमी एसीला या गटात मोडतो. या गटात सुमारे चारशे जाती आहेत आणि जवळजवळ सगळ्या समुद्रात राहतात. ‘एसीला’ या ग्रीक मुळाच्या नावाचा अर्थ ‘पोकळी नसलेला’. आपल्या पोटात अन्ननलिका नावाची एक लांब पोकळ नळी असते. या कृमीच्या अंगात अशी नळीच नाही. पोटाकडच्या बाजूला तोंडाचे एक छिद्र आहे. त्यातून अन्न आत गेले, की ते शरीराच्या मधोमध असलेल्या पेशींच्या मऊ गोळ्यात शिरते आणि तेथेच पचते. गुदद्वार नाही, उरलेला चोथा आल्या वाटेनेच परत जातो.

आणखी काय काय नाही ते पाहा. हृदय नाही, रक्त नाही, फुप्फुसे नाहीत, कल्ले नाहीत, मूत्रपिंडासारखे काही नाही. मग आहे तरी काय? सर्वांगावर पक्ष्माभिका, म्हणजे सूक्ष्म केसांसारखे तंतू आहेत. त्यांच्या लयबद्ध हालचालीने कृमी वाळूवरून घसरत पुढे जातो. त्वचेखाली स्नायूंचे तंतू आहेत. पुढच्या टोकाला लहानसा मेंदू असून त्याच्यापासून मज्जारज्जू मागे गेले आहेत. मेंदूच्या दोन्ही बाजूंना एकेक नेत्रबिंदू आहे. त्याला चित्र दिसत नाही. उजेड कोठून येतो एवढे मात्र कळते. कृमी उभयलिंगी असतो, म्हणजे एकाच प्राण्यात नर आणि मादी या दोघांचीही इंद्रिये असतात.

मला स्वतःला सर्वांत आवडलेला अवयव म्हणजे त्याची संतुलनपुटी. मेंदूजवळ द्रवाने भरलेली एक सूक्ष्म पिशवी असते आणि तिच्यात एक जड कण असतो. गुरुत्वाकर्षणामुळे हा कण नेहमी पिशवीच्या खालच्या भागावर टेकतो. कृमी कलला, की कणाची जागा बदलते आणि ‘खाली’ कोणत्या दिशेला आहे ते त्याला समजते. गवंडी भिंत सरळ आहे की नाही हे ओळंब्याने पाहतो. तसलाच हा जिवंत ओळंबा समजा. पाय आपटल्याबरोबर अंधाऱ्या वाळूत नेमके खाली कसे जायचे, हे या कणामुळेच साधते.

चपटे असण्याचा फायदा

रक्त आणि कल्ले नसताना शरीराच्या आतल्या पेशींना ऑक्सिजन कसा मिळतो? तो विसरणाने मिळतो. पाण्यात शाईचा थेंब टाकला, की ढवळल्याशिवायही तो हळूहळू पसरतो, हे तुम्ही पाहिले असेल. त्यालाच विसरण म्हणतात. विसरणाचा एक नियम मोठा गमतीचा आहे. अंतर दसपट झाले, की लागणारा वेळ दसपट नव्हे, शंभरपट होतो. पाण्यात विरघळलेल्या ऑक्सिजनला मिलिमीटरचा दहावा भाग ओलांडायला सुमारे अडीच सेकंद लागतात. एक मिलिमीटर जायला चार मिनिटे लागतात. एक सेंटिमीटर जायला मात्र सात तास लागतील!

आता कृमी चपटा का, ते उघड होते. त्याच्या शरीरातली कोणतीही पेशी पृष्ठभागापासून फार दूर नसते. ऑक्सिजन आपोआप पोचतो, म्हणून रक्ताभिसरणाचा खटाटोपच नको. पण याच कारणाने एक सावधगिरीही बाळगायला हवी. चपटे असणे ही लहान प्राण्याची गरज आहे. ज्याला ज्याला रक्ताशिवाय जगायचे, त्याला चपटे किंवा बारीक व्हावेच लागते. मग दोन प्राणी चपटे आहेत, एवढ्यावरून ते एका घराण्यातले ठरतील काय? ही शंका मनात ठेवा.

अंगातली बाग

कृमीच्या हिरव्या रंगाचे रहस्य उलगडण्याच्या कामी एका तरुण स्कॉटिश शास्त्रज्ञाचा हात लागला. त्याचे नाव पॅट्रिक गेडिस. रोस्कॉफला १८७२ साली सागरी जीवशास्त्राची प्रयोगशाळा स्थापन झाली होती. गेडिस तेथे गेला होता. हे कृमी त्याने उथळ पाण्यात घालून उन्हात ठेवले. थोड्या वेळाने बुडबुडे येऊ लागले. तो वायू गोळा करून तपासला, तेव्हा त्यात जवळजवळ निम्मा ऑक्सिजन निघाला. हायड्रिला या पाणवनस्पतीचा असाच प्रयोग तुम्ही शाळेत पाहिला असेल. येथे मात्र ऑक्सिजन देत होता एक प्राणी! गेडिसने ही निरीक्षणे १८७९ मध्ये प्रसिद्ध केली.

त्याच सुमारास मेक्सिकोत असताना गेडिसची दृष्टी काही काळ गेली. सूक्ष्मदर्शकावरचे काम पुढे झेपेना, म्हणून तो समाजशास्त्र आणि नगररचना यांकडे वळला. हाच गेडिस १९१९ मध्ये मुंबई विद्यापीठात नव्याने सुरू झालेल्या समाजशास्त्र विभागाचा पहिला प्राध्यापक झाला. जगदीशचंद्र बोस यांचे इंग्रजी चरित्रही त्यानेच लिहिले. वाळूतल्या कृमीपासून मुंबईपर्यंतचा हा प्रवास ध्यानात ठेवण्यासारखा आहे.

पुढे १८९१ मध्ये लुडविग फोन ग्राफ या प्राणिशास्त्रज्ञाने या कृमीचे रीतसर वर्णन करून त्याला रोस्कॉफचे नाव दिले. हिरवा रंग कृमीचा स्वतःचा की कोणा पाहुण्याचा, हा प्रश्न होताच. तो विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात फ्रेडरिक कीबल आणि एफ. डब्ल्यू. गँबल या इंग्रज शास्त्रज्ञांनी सोडवला. अंड्यातून बाहेर पडलेली पिले रंगहीन असतात. गाळलेल्या समुद्राच्या पाण्यात ठेवली तर ती रंगहीनच राहतात. साध्या समुद्राच्या पाण्यात ठेवली तर हिरवी होतात. म्हणजे हिरवा पाहुणा बाहेरून येतो! तो टेट्रासेल्मिस जातीचा एकपेशीय शैवाल आहे. पाण्यात असताना त्याला पोहण्यासाठी चार शेपट्या असतात. पिलू त्याला गिळते, पण पचवत नाही. आत गेल्यावर शैवाल आपल्या शेपट्या आणि बाहेरचे कवच टाकून देतो व कातडीखाली मुक्काम करतो.

त्यानंतर कृमी जेवणे सोडून देतो. तोंड असूनही मोठा कृमी काही खात नाही. शैवाल प्रकाशसंश्लेषण करून अन्न तयार करतो आणि त्याचा मोठा वाटा कृमीला मिळतो. कृमीने टाकलेली नायट्रोजनयुक्त द्रव्ये शैवालाला खत म्हणून उपयोगी पडतात. ज्या पिलाला शैवाल भेटत नाही, ते मरते. ओहोटीच्या वेळी हे कृमी वाळूवर का येतात, हे आता तुम्हीच सांगू शकाल. ते आपल्या बागेला ऊन दाखवायला येतात!

चपट्या कृमींच्या घरातून बाहेर

आता त्या खोडलेल्या नावाकडे वळू. तुमच्या पुस्तकात चपट्या कृमींच्या संघाची उदाहरणे दिलेली असतात : प्लॅनेरिया, यकृतकृमी, पट्टकृमी. एसीला कृमीही चपटे आणि तेही देहगुहा नसलेले. म्हणून शंभराहून अधिक वर्षे त्यांना याच संघात ठेवले गेले. ते सर्वांत साधे, म्हणून यादीत पहिले.

काही जणांना मात्र शंका येत होती. खऱ्या चपट्या कृमींमध्ये उत्सर्जनासाठी ज्योत-पेशी असतात. एसीलांमध्ये त्या नाहीत. अंड्याची वाढ सुरू होते तेव्हा चपट्या कृमींमध्ये नव्या पेशी चार-चारच्या गटांनी तयार होतात, एसीलांमध्ये दोन-दोनच्या. या गोष्टी बारीकसारीक वाटतात. पण चपटेपणा हा गरजेपोटी आलेला असू शकतो, चार की दोन यात तशी काही गरज दिसत नाही. अशी बिनगरजेची खूणच घराणे ओळखायला अधिक उपयोगी पडते.

निर्णायक पुरावा १९९९ मध्ये आला. बार्सिलोना येथील शास्त्रज्ञांनी एका जनुकाची तुलना केली. प्रत्येक पेशीत प्रथिने बनवणारी रायबोसोम नावाची यंत्रणा असते. तिचा एक भाग घडवणारे हे जनुक सर्व प्राण्यांत आढळते. जनुक म्हणजे चार अक्षरांत लिहिलेला एक लांब मजकूर. पिढ्यान्‌पिढ्या त्याच्या नकला होताना अधूनमधून अक्षरे बदलतात. ज्यांच्या मजकुरात फरक थोडे, ते जवळचे नातलग. या तुलनेत एसीला कृमी प्लॅनेरिया आणि पट्टकृमी यांच्यापासून अगदी दूर पडले. ज्या प्राण्यांच्या शरीराची डावी आणि उजवी बाजू सारखी असते, त्या सर्वांच्या वंशवृक्षात एसीलांची फांदी सगळ्यांत आधी, बुंध्यालगत फुटलेली दिसली. कीटक, गोगलगाई, मासे, माणसे या सगळ्या फांद्या नंतरच्या!

म्हणजे साधा कृमी सर्वांत जुन्या फांदीवर. सगळे कसे छान जुळले. पण येथेच खरी अडचण सुरू झाली.

बॉकचा कृमी आणि त्याचे जेवण

अडचण समजण्यासाठी आपल्याला स्वीडनला जावे लागेल, कारण रोस्कॉफच्या कृमीचा एक नातलग तेथे आहे. १९१५ मध्ये सिक्स्टेन बॉक यांना स्वीडनच्या पश्चिम किनाऱ्यावरील चिखलात दोन-तीन सेंटिमीटर लांबीचा एक पिवळट, पिशवीसारखा कृमी सापडला. १९४९ मध्ये एनार वेस्टब्लाड यांनी त्याचे वर्णन केले आणि त्याला झेनोटर्बेला बॉकी हे नाव दिले. त्यालाही गुदद्वार नाही, मेंदू म्हणावा असा भागही नाही.

१९९७ मध्ये या प्राण्याविषयी दोन वेगवेगळे शोधलेख प्रसिद्ध झाले. एकात जनुकाचा पुरावा होता, दुसऱ्यात शरीरात सापडलेल्या अंड्यांचा आणि पिलांचा. दोन्ही पुरावे म्हणत होते, की हा प्राणी मृदुकाय संघातला, म्हणजे शिंपल्यांचा भाऊबंद आहे! दोन साक्षीदार एकच गोष्ट सांगतात म्हटल्यावर शंकेला जागा उरली नाही.

२००३ मध्ये खरा प्रकार उघडकीस आला. झेनोटर्बेला त्याच चिखलातले शिंपले खातो. शास्त्रज्ञांनी वाचलेले जनुक आणि पाहिलेली अंडी ही प्राण्याची नव्हतीच. ती त्याच्या जेवणातली होती! प्राण्याचे स्वतःचे जनुक वेगळे काढून वाचले, तेव्हा शिंपल्यांशी नाते उरले नाही.

या चुकीला हसू नका. आम्ही विद्यार्थ्यांना सांगतो, की वाचन पुनःपुन्हा घ्या, म्हणजे चूक कमी होते. पण दुकानदाराच्या तराजूच्या पारड्याखाली चिंचेचा गोळा चिकटवलेला असेल, तर दहा वेळा वजन करूनही दहाही वेळा तेच चुकीचे उत्तर येईल. व्हर्नियर कॅलिपरमधली शून्य त्रुटी अशीच असते. अशा चुकीला पद्धतशीर त्रुटी म्हणतात. ती पुनरावृत्तीने जात नाही. चिंच शोधून काढावी लागते. झेनोटर्बेलाच्या बाबतीत साक्षीदार दोन होते खरे, पण दोघांनी एकाच पोटात डोकावले होते.

दोन नाण्यांचा खेळ

आता दुसरी, अधिक छुपी चिंच पाहू. हा प्रयोग वर्गात करण्यासारखा आहे. तुम्ही आणि तुमचा मित्र वेगवेगळे बसा. प्रत्येकाने दोन नाणी, एक मोठे आणि एक लहान, एकदम उडवायची. दोन्ही छापे आले तर ‘अ’ लिहा, दोन्ही काटे आले तर ‘ब’, फक्त मोठ्यावर छापा आला तर ‘क’, फक्त लहानावर आला तर ‘ड’. अशी वीस अक्षरे लिहा. मग दोघांच्या ओळी एकाखाली एक ठेवून किती जागी तेच अक्षर आले ते मोजा. साधारण पाच जागी जुळेल. तुम्ही एकमेकांची नक्कल केलेली नाही, तरी चौथा हिस्सा जुळला! अक्षरे चारच असल्यामुळे हे घडणारच.

काही प्राण्यांच्या जनुकांत अक्षरे फार भराभर बदलतात. एसीला त्यांपैकीच आहेत. इतक्या बदलांनंतर नातलगांशी असलेले खरे साम्य पुसत जाते आणि नाण्यांसारखे योगायोगाचे साम्य उरते. असा प्राणी वंशवृक्षात आपल्या खऱ्या नातलगांजवळ न पडता, दुसऱ्या एखाद्या खूप बदललेल्या किंवा खूप दूरच्या फांदीकडे ओढला जातो. बहुधा तो बुंध्याकडेच सरकतो. बार्सिलोनाच्या शास्त्रज्ञांना हा धोका ठाऊक होता. त्यांनी मुद्दाम कमी बदललेली एसीला जात शोधून घेतली होती. पण चिंच पुरती निघाली होती काय?

२०११ मध्ये पुष्कळ अधिक जनुके आणि सुधारलेले गणित वापरून नवा निष्कर्ष आला. एसीला, झेनोटर्बेला आणि त्यांचा आणखी एक लहान भाईबंद गट मिळून एक स्वतंत्र संघ मानावा आणि त्याला झेनासीलोमॉर्फा म्हणावे. या एकत्र करण्याला शरीररचनेचाही आधार होता. एसीला आणि झेनोटर्बेला या दोघांच्या पक्ष्माभिकांना टोकाशी एक लहानशी पायरी असते. ही पुन्हा बिनगरजेची खूण! मात्र या संघाची जागा बुंध्याजवळ नसून तारामासा आणि बॅलॅनोग्लॉसस यांच्या शेजारी आहे, असा त्या शास्त्रज्ञांचा दावा होता.

२०१६ मध्ये लंबक उलट गेला. ‘नेचर’ या नियतकालिकाच्या एकाच अंकात दोन लेख आले. एकाने या संघाला पुन्हा बुंध्याजवळ नेले. दुसऱ्याने प्रशांत महासागराच्या खोल तळावरून झेनोटर्बेलाच्या चार नव्या जाती जाहीर केल्या. त्यातली एक तर वीस सेंटिमीटर लांब आहे! २०१९ मध्ये आणखी एका लेखाने पद्धतशीर त्रुटी कमी करण्याचे उपाय योजून हिशेब केला आणि लंबक परत तारामाशाकडे आला.

साधेपणा मुळातला की नंतरचा?

या वादात पणाला काय लागले आहे, ते नीट पाहा. हा संघ बुंध्याजवळ असेल, तर पंचावन्न कोटी वर्षांहूनही पूर्वीचा आपला डावा-उजवा सारखा असलेला पहिला पूर्वज कसा असेल, याची ही जिवंत खूण ठरेल. तो पूर्वज कदाचित असाच असेल : एक तोंड, एक मऊ पोट, थोडी मज्जा, बाकी काही नाही. पण हा संघ तारामाशाशेजारचा असेल, तर गोष्ट उलटी होईल. मग त्याच्या पूर्वजांना गुदद्वार आणि इतर अवयव होते आणि ते त्याने पुढे टाकून दिले, असे मानावे लागेल.

टाकून दिले? असे होते का? होते तर! पट्टकृमीचे उदाहरण तुमच्या पुस्तकातच आहे. त्याला अन्ननलिका नाही. पण तिच्याशिवायच तो उत्क्रांत झाला असे कोणी म्हणत नाही. दुसऱ्याच्या आतड्यात आयते अन्न मिळू लागल्यावर त्याने ती गमावली. म्हणून ‘साधा म्हणजे जुना’ हा नियम नाही. रिकामी खोली पाहून सामान अजून यायचे आहे की सगळे हलवून नेले आहे, हे नुसत्या रिकामेपणावरून सांगता येत नाही.

मी आमच्या सरांना म्हटले, “मग तक्त्यावरचे ते प्रश्नचिन्ह खोडून काहीतरी लिहू या.” ते म्हणाले, “झेनासीलोमॉर्फा अशी वेगळी चौकट काढा. ते आता पक्के आहे. पण ती चौकट झाडाला कोणत्या जागी जोडायची, ती रेघ तुटक ठेवा.” आम्ही तसे केले. परवा एका विद्यार्थिनीने मला विचारले, “सर, ही एकच रेघ तुटक का? पुसली गेली का?” मी तिला म्हटले, “नाही. आपल्याला काय ठाऊक आहे आणि काय नाही, याचे माप त्या रेघेत आहे. प्रयोगवहीत उत्तरापुढे ‘अधिक-उणे’ लिहितेस ना, तसेच.”

तुमच्या शाळेच्या भिंतीवरही असा एखादा तक्ता असेल. त्यातली कोणती रेघ कशाच्या आधारावर काढली आहे, हे आपल्या शिक्षकांना जरूर विचारा. रोस्कॉफचा कृमी आजही ओहोटीला वर येतो, ऊन घेतो आणि पावलांची चाहूल लागताच खाली जातो. त्याची रेघ पक्की करण्याचे काम अजून बाकी आहे. ते तुमच्यापैकी कोणाच्या हातून का होऊ नये?